‘नको’ म्हणायचं नाही

“हनुवटी वर कर,” काकू म्हणाल्या.

खारूने मान वर केली. काकूंनी त्याच्या हेल्मेटचा पट्टा आवळला, कमरेच्या पट्ट्याची कडी ओढून पाहिली, दोराची गाठ चाचपली आणि पुन्हा कडीकडे वळल्या.

“आत्ताच तर बघितली,” तो पुटपुटला.

“दोनदा बघितल्याने कडी झिजत नाही.”

बागकामाचा धंदा काकूंचा. हिरवळ लावायची, कुंपणं कातरायची, धोक्याची झाडं उतरवायची. कामावर सगळे त्यांना काकूच म्हणत. खारूही काकूच म्हणे, अगदी घरी जेवायला बसल्यावरसुद्धा. तोंडात बसलेला शब्द, जातोय कुठे?

आज एका बंगल्याच्या छपरावर झुकलेलं झाड उतरवायचं होतं. काम नेहमीचंच. पण अपघातानंतर खारू पहिल्यांदाच झाडावर चढणार होता. आणि घरून निघतानाच त्याने सांगून टाकलं होतं, “आज जमलं नाही तर मी जातो, काकू. लांब कुठेतरी. असं नुसतं बसून खाणं गळ्याखाली उतरत नाही.”

काकू धास्तावल्या त्या झाडामुळे नव्हे, या बोलण्यामुळे. हा गेला तर घरात डबा भरायचा कुणासाठी?

अपघाताची हकिगत कामावर सगळ्यांना पाठ होती. त्या दिवशी खारू झाडावर होता. कापलेली फांदी त्याने दोराने धरून ठेवली होती. खाली त्याचा जोडीदार होता, लहानपणापासूनचा दोस्त. विसरलेली कुऱ्हाड उचलायला तो फांदीखाली शिरला. वरून खारूने विचारलं, “सोडू?” खालून ओरडा आला, “सोडू नको!” शेजारी फांद्यांचा भुसा करणारं मशीन घरघरत होतं. ‘सोडू’ वर पोचलं, ‘नको’ मशीनने गिळलं. आपल्या बोलीत नकार येतो तो शेवटी, सगळं बोलून झाल्यावर. खारूने दोर सोडला.

तेव्हापासून काकूंच्या कामावर ‘नको’ म्हणायला बंदी. वरच्याने विचारायचं, “मोकळं?” खालच्याने एक तर “मोकळं” म्हणायचं, नाहीतर “थांब”. करवत चालू असेल तर मशीन बंद. फांदीखालच्या जागेभोवती बांधलेल्या लाल पट्टीच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही, मग आत सोन्याची कुऱ्हाड का पडलेली असेना.

गवत कापणाऱ्या मामांनी या नियमाचीही थट्टा केली होती. “काकू, परवा बायको म्हणाली, अजून भात वाढू? सवयीने म्हणालो, थांब. बिचारी पातेलं घेऊन उभीच!”

सगळे हसले होते. काकूही हसल्या होत्या, आणि मग हातपंपाकडे जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिल्या होत्या.

अपघातानंतर खारू अंथरुणातून उठेना. जेवेना, बोलेना. काकूंनी दार ठोठावून ठोठावून त्याला बाहेर काढलं. समोर बसवून जेवायला वाढलं. तो धडधाकट समोर बसलेला पाहून कधी त्यांना आधार वाटे, तर कधी त्याच्याकडे पाहवत नसे. मग त्या उठून उगीचच ओटा पुसायला लागत. असा एक दिवस गेला नाही की त्या रडल्या नाहीत. पण त्याच्यासमोर कधी नाही.

“चढ आता,” काकू म्हणाल्या. “खाली मी उभी आहे.”

खारूने चमकून पाहिलं. खालच्या माणसाची जागा मामांची ठरली होती. पण काकू पट्टीपाशी जाऊन उभ्याही राहिल्या होत्या, मामांचं हेल्मेट डोक्यावर घालून.

तो चढला. आधी चाचपडत, मग हातापायांना जुनी ओळख पटल्यासारखा. करवत फिरली, थांबली. फांदी दोरावर लोंबकळली.

“मोकळं?”

काकूंनी पट्टीच्या आत पाहिलं. तिथे नुसतं गवत होतं. तरी त्यांची नजर तिथून हलेना.

“काकू? मोकळं?” वरून पुन्हा हाक आली.

तो वाट पाहत होता. हात भरून आले असणार, तरी दोर सुटला नव्हता. उत्तर आल्याशिवाय तो सुटणार नव्हता, हे काकूंना दिसत होतं.

“मोकळं!” त्या ओरडल्या, गरजेपेक्षा कितीतरी मोठ्याने.

फांदी गवतावर आली. मग दुसरी, मग तिसरी. दुपारपर्यंत छप्पर मोकळं झालं.

खारू खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा घामाने भिजला होता, की आणखी कशाने, ते कुणी विचारलं नाही. काकूंनी त्याच्या हनुवटीचा पट्टा सोडला. “उद्या शाळेच्या मागचं झाड आहे,” एवढंच म्हणाल्या.

“येतो,” तो म्हणाला.

तो सावलीत बसून डबा उघडायला लागला. आत पुन्हा वांगं. वांगं त्याला मुळीच आवडत नसे; काकू दर वेळी विसरत, आणि आठवलं की जीभ चावत. त्याने नेहमीसारखी मुकाट्याने भाजी भाकरीला लावली.

बंगल्याची मालकीण चहा घेऊन आली. तिच्या कानावर सगळं गेलेलं दिसत होतं. काकूंच्या हातात कप देत ती हळूच म्हणाली, “त्या अपघातात झाडावर होता तो हाच ना? नशीब थोर हो तुमचं. पोटचा पोर वर होता म्हणून वाचला.”

काकू खारूकडे बघत होत्या. तो डबा पुसून पुसून खात होता.

“माझा मुलगा खाली होता,” त्या म्हणाल्या.