न्यायचं लेकरू

पाळण्यात पोरगं टाहो फोडत होतं आणि त्याची आई शेजारी बसून दोरी ओढत होती. नुसती दोरी. चतुराबाईंनी डोक्यावरची घागर उतरवली आणि त्यांच्या मस्तकात तिडीकच गेली.

"काय करून राह्यली गं तू? घे की त्याला मांडीवर."

"पोट भरलंय त्याचं, आत्याबाई. दुपटंही कोरडं आहे," सून म्हणाली. "होईल शांत."

आता या पोरीला म्हणावं तरी काय! सव्वा महिना हेच चाललं होतं. वेळेवर पाजायची, वेळेवर पुसायची, की ठेवलं पाळण्यात. कधी गालाला गाल लावला नाही, कधी 'माझं सोनं' म्हटलं नाही. बारशाला नाव ठेवलं बद्रीनाथ, पण हिच्या तोंडी आपलं 'बाळ'. जसं काही शेजारणीचं घटकाभर सांभाळायला घेतलंय.

सून बेबीनंदा जालन्याच्या एका संस्थेत वाढलेली. आई-बाप नसलेल्या मुलींची संस्था. अठरा उलटली तशी संस्थेनंच चतुराबाईंच्या मच्छिंद्रशी तिचं लग्न लावून दिलं आणि हात झटकले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण हिला माहेर कुठलं? चतुराबाई संस्थेत जाऊन विचारून आल्या, तर लग्न झालेल्या मुलीला ठेवता येत नाही म्हणे. मग काय, सासूही चतुराबाई आणि आईही चतुराबाईच. बाजेखाली शेगडी त्यांनी ठेवली, डिंकाचे लाडू त्यांनी वळले, अंगाला तेल त्यांनी चोळलं. त्याचं त्यांना काही नव्हतं. उलट पोरगी बाजेवरून उठली आणि लेकराला पायावर घेऊन तिनं अशी सराईत आंघोळ घातली की केदारखेड्यातल्या बाया बघत राहिल्या. संस्थेतली तान्ही पोरं आम्ही मोठ्या मुलीच सांभाळायचो, असं ती म्हणाली होती. हात तरबेज होता, कबूल. पण जीव कुठं ठेवून आली होती ही?

चतुराबाईंनी गोडीनं सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. मच्छिंद्र 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून शेताकडं पळाला. शेजारची उषाबाई तर तोंडावरच म्हणाली, जिला आईच नव्हती तिला माया कुठून येणार. चतुराबाईंनी तेव्हा तिला गप्प बसवलं, पण ते मनात सलत राहिलं. आणि आज त्यांनी ठरवलं होतं. सव्वा महिना भरला होता. आष्टीहून त्यांची लेक आशाबाई येणार होती. आशाबाईला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. भाच्यासाठी देवीला नवस मात्र तिनंच बोलला होता. ती आली की तिच्यादेखत सुनेला सांगून टाकायचं: तू जा बाई, तुझ्या त्या संस्थेत नाहीतर कुठंही. लेकरू मी वाढवते.

तेवढ्यात दारात जीप थांबली. आशाबाईनं अंगणातूनच हाक मारली, "बेबे, आले गं बाळाला न्यायला!"

बेबीनंदा उठली. कोपऱ्यातलं एक गाठोडं उचलून तिनं उंबऱ्यापाशी ठेवलं.

चतुराबाईंचा पारा चढला. म्हणजे आपण बोलायच्या आधी हीच निघाली! त्यांनी गाठोडं ओढून सोडलं. आत झबली होती, टोपरी होती, दुपटी होती, सगळी धुऊन घड्या घातलेली. काजळाची डबी होती. पोरीची स्वतःची एक साडीसुद्धा नव्हती.

"तुझे कपडे कुठंयत?"

"माझे कशाला? आशाताई बाळालाच न्यायला आल्यात ना," बेबीनंदा म्हणाली. "तुम्हीच म्हणत होता, सव्वा महिना झाला की आशा न्यायला येईल."

आणि मग ती सांगू लागली, जणू रोजचंच काही सांगावं तशी. संस्थेत 'या बाळाला न्यायचंय' असं तिथल्या देखरेखीच्या बाईंनी म्हटलं की त्याला आंघोळ घालायची, कपडे बांधून द्यायचे. मूल नसलेलं कुणी जोडपं यायचं आणि घेऊन जायचं. एकाला तिनं रात्रंदिवस मांडीवर वाढवलं होतं. तो गेला तेव्हा तिला अन्न गोड लागेना. तेव्हापासून बाईंनी तिला बजावून ठेवलं होतं की न्यायच्या बाळाला लळा लावायचा नाही, नाव घेऊन हाक मारायची नाही. आत्ताच पाजलंय, वाटेत फार रडणार नाही, हेही तिनं सांगितलं.

चतुराबाईंना इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि तो काढावा कुणावर तेच कळेना.

"अगं भवाने, देवीला न्यायचंय त्याला. पायावर घालायचं, नारळ फोडायचा."

"मग परत आणायचं?"

"परत न्हाई तर काय तिथंच ठेवून यायचंय? तुझं लेकरू हाय ते. कुणीबी नेणार न्हाई त्याला."

बेबीनंदा पाळण्याकडं गेली. पोराला उचलून तिनं छातीशी धरलं, आणि जी रडायला लागली ती थांबेचना. बद्री, बद्री म्हणत होती. पोरगं तिच्याहून मोठ्यानं रडत होतं. दोघांना सोडवावं की राहू द्यावं, चतुराबाईंना सुचेना.

आशाबाई चपला काढून दारात आली आणि हे काय चाललंय म्हणून बघतच राहिली. बाहेर जीपवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. आवरा, तो थांबायचा नाही, असं ती म्हणाली.

"जाऊ दे त्याला," चतुराबाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या. "ही आत्ता बाळंत झालीय. सव्वा महिना आजपासून धरायचा."