ओल्या बुटांचं काय एवढं

फिरमिनने बूट उलटा केला, तसं पाणी भळकन मोरीत पडलं. दुसऱ्यातूनही तेवढंच.

"रात्री बाहेरच राहिले," लीझेलोट म्हणाली. "पार भिजलेत, पप्पा. असल्या बुटांनी शर्यतीत कशी उतरणार?"

"सायकलचे बूट भिजायचेच. ओल्यानं काही होत नाही." त्याने बुटांतले सुटे, पातळ तळ ओढून काढले. "शेगडीवर ठेवले तर मात्र खालचा तळ सुटतो. कागद आण."

तिने जुनी वर्तमानपत्रं आणून दिली. तो एकेक पान फाडून बोळे करू लागला, बुटाच्या टोकापर्यंत बोटांनी कोंबू लागला. भिजलेला बोळा काढायचा, कोरडा भरायचा. न चिडता, न घाई करता, लहान मुलाचे कान पुसावेत तसं.

खिडकीबाहेर शेजारचा ओदिल शिडीवर चढून जत्रेच्या पताका बांधत होता. तिला बघून तो ओरडला, "लीझे! चढावर अख्खं गाव उभं राहणार आहे आज. मागं पडलीस तर मी स्वतः येऊन ढकलीन, काय!"

ती हसली. हात हलवला. खिडकी लावून घेतली.

"काल पाऊस कुठं होता?" फिरमिनने मान वर न करता विचारलं.

लीझेलोटने खिडकीकडे पाहिलं. बाहेर अंगण कोरडं ठणठणीत होतं.

"मला नाही जायचं," ती म्हणाली. "नुसतं आजच असं नाही. कधीच नाही."

आवाज इतका बारीक निघाला, की आपण बोललो की नुसतं मनात आणलं, हे तिलाच कळेना. पण फिरमिनचा हात थांबला होता. शाईने काळी झालेली बोटं तो बघत राहिला.

"मी कालव्यात टाकले होते," तो म्हणाला.

"काय?"

"बूट. तुझ्याच वयाचा होतो. शर्यतीच्या दिवशी सकाळी पुलावर गेलो आणि दोन्ही फेकून दिले."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. या माणसाला आपण आज पहिल्यांदाच बघतोय असं तिला वाटलं. ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"मग?"

"मग काय. दुपारच्या आत तुझ्या आजोबांनी दुसरे आणले."

ती वाट बघत राहिली. तो आणखी काहीतरी बोलेल, निदान मान तरी हलवेल. त्याने शेवटचा बोळा काढून टाकला, तळ जागेवर बसवले आणि तिच्यासमोर फरशीवर गुडघे टेकले.

"पाय पुढं कर."

तिने केला. बूट आतून गार होता, पायमोजा लगेच भिजला. फिरमिनने बुटावरची, नाडीऐवजी असलेली चकती फिरवली. चकतीतली तार कर्र कर्र करत आवळत गेली.

"घट्ट होतोय?"

"हो, पप्पा."

त्याने मान डोलावली आणि चकती आणखी एकदा फिरवली.