पलंगाची जागा

"हा पलंग खिडकीकडे फिरवून घेऊ या," नोव्हलेट म्हणाली. "डोळे उघडले की समोर समुद्र. काय डॅडी?"

"समुद्र मी सत्तर वर्षं बघतोय," लिंटन म्हणाला. "तो काही कुठं जात नाही."

"सकाळपासून तुमची नुसती कुरकुर. नाश्त्याला अ‍ॅकीच्या भाजीत खारा मासा शोधावा लागतो, चहा पाणचट, आणि आता समुद्रही नको."

लिंटन पलंगाच्या कडेवर बसून राहिला. मनगटावरची हॉटेलची निळी पट्टी त्याने शर्टाच्या बाहीखाली सारली होती.

मुलगी टोरोंटोहून दोन आठवड्यांसाठी जमैकाला आली होती, आणि बापाला पाच दिवस समुद्रकाठच्या या हॉटेलात ठेवायचं तिनं मनात धरलं होतं. तो नाही म्हणेल, याची तिला खात्री होती. तो लगेच हो म्हणाला. खोली मात्र दुसऱ्या मजल्यावर हवी, एवढंच म्हणाला. गुडघ्यामुळे जिना चढवत नसतानाही.

काल आल्या आल्या तो सवयीनं मागच्या फाटकाकडेच वळला होता. सव्वीस वर्षं बायकोला, व्हेरोनाला, त्यानं सकाळी सायकलवरून इथं कामाला सोडलं होतं आणि संध्याकाळी तिथूनच घरी नेलं होतं. फाटकाच्या आत तो कधी आला नव्हता. पहारेकऱ्यानं त्याला ओळखलं आणि वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं 'मास' म्हणून हाक मारली. "मास लिंटन, आज तुम्ही पाहुणे! पुढून या, पुढून!"

नोव्हलेटनं दारातून हाक मारली तशी चादरींची गाडी ढकलत पेट्रोना आली. या मजल्यावरच्या खोल्या आधी व्हेरोनाकडे होत्या, आता तिच्याकडे. चादर कशी ताणायची हे आपल्याला व्हेरोनानंच शिकवलं, हे तिनं कालपासून दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा एप्रननं डोळे पुसले होते.

"बाई, जरा हात लावता? पलंग खिडकीकडे घ्यायचाय."

"लावते की. पण मॅनेजरसाहेबांनी विचारलं तर पाहुण्यांनीच फिरवला म्हणायचं हं."

लिंटन उठून बाजूला झाला. दोघींनी दोन टोकं धरली. नोव्हलेटची सात वर्षांची टियाना तेवढ्यात पलंगावर चढून बसली. "बोट निघाली!" ती ओरडली. पलंगाचे पाय फरशीवर करकरले. जिथं ते इतकी वर्षं टेकले होते, तिथं चार पांढुरक्या खुणा उघड्या पडल्या.

"ठेवा," लिंटन म्हणाला.

कुणाला ऐकू गेलं नाही.

"ठेवा म्हणतो ना!"

तो कधी आवाज चढवत नसे.

"डॅडी, काय झालं?"

"घरचा फिरवलात, तेवढा पुरे झाला."

नोव्हलेटचे हात पलंगाच्या कडेवरच राहिले. व्हेरोना गेल्याच्या नवव्या रात्री, गाणी आणि जेवणं आटोपल्यावर, तिनं आणि लिंटनच्या बहिणीनं मिळून घरचा पलंग समोरच्या भिंतीला लावला होता. कपाट हलवलं होतं. गेलेल्या माणसाला आपली खोली ओळखू येऊ नये, त्यानं मागं न रेंगाळता पुढं जावं, म्हणून जमैकात सगळेच तसं करतात. पायथ्याची बाजू नोव्हलेटनं धरली होती. लिंटन तेव्हा अंगणात खुर्चीवर बसून होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतही नाही.

"तिच्यासाठीच केलं ना आपण," ती हळू आवाजात म्हणाली. "ती अडकून राहू नये म्हणून."

"बरोबर केलंत. मी कुठं चूक म्हणतोय?" लिंटन गुडघा चोळू लागला. "अकरा महिने झाले. झोपेतून उठलो की मलाच कळत नाही दार कुठल्या बाजूला. मग तिला काय कळणार?"

मग तो म्हणाला, "इथलं कुणी काही हलवलेलं नाही. म्हणून आलो मी. पाच दिवस तर आहेत."

बोलली ती पेट्रोना.

"खरं आहे त्यांचं. वादळात वीज जायची तेव्हा आम्ही मेणबत्त्या शोधत बसायचो, आणि मिस व्हेरोनाचे अंधारात चार पलंग घालून व्हायचे." मग तिला एकदम हसू आलं. "आणि हा असा तिरका त्यांना दिसला असता, तर मी मेलेच होते! 'पेट्रोना, खोली लावतेस की बाजार मांडतेस?'"

"अगदी असंच म्हणायची," लिंटन म्हणाला, आणि तोही हसला.

नोव्हलेटनं नाक पुसलं. ती खाली वाकली आणि फरशीवरच्या खुणा शोधू लागली.

"उचला बाई तुमची बाजू. जरा माझ्याकडे. अजून. अजून थोडं... बास."

चारही पाय आपापल्या खुणेवर बसले. पेट्रोनानं चादर ताणून चारी कोपरे खोचले. लिंटन पलंगाला वळसा घालून भिंतीकडच्या बाजूला गेला आणि तिथं बसला. दाराकडची बाजू त्यानं मोकळी ठेवली.

टियाना एवढा वेळ सगळं ऐकत होती. ती सरकत त्याच्याजवळ आली.

"पण आजोबा, आजी आत कशी येणार? दाराला तर कुलूप असतं."

लिंटननं तिला जवळ घेतलं.

"तिच्याकडे सगळ्या खोल्यांची किल्ली असायची," तो म्हणाला.