अंगाइतकी ऊब

आबांचे नवे कृत्रिम डोळे उष्णता बघायचे, आणि बिघडल्यापासून मिटतच नव्हते. नऊ दिवस झोप नव्हती. नागपूरच्या दवाखान्याकडे निघालेल्या बसमध्ये त्यांच्या मुलीने, सुलभाने, आधीच्या चार पट्ट्या पिशवीत टाकून स्वतः शिवलेली पाचवी त्यांच्या डोळ्यांवर बांधली.

"यातूनही माणसं पेटलेली दिसतात गं," आबा म्हणाले. "उपटून टाकतो हे डोळे!"

त्यांनी खरंच बोटं खुपसली. सुलभाने हात ओढून धरले. तेव्हा तिला जाणवलं, आबांचे हात ऊबदार होते आणि पट्टी गार. त्या गारव्यावरच माणसांची ऊब उठून दिसत असणार. तिने पट्टी पदराआड पोटाशी दाबली आणि अंगाइतकी तापल्यावर पुन्हा बांधली.

"आता?"

"सगळं एकसारखं..." म्हणता म्हणता आबांची मान कलली.

दहा मिनिटांत खिडकीच्या वाऱ्याने पट्टी निवली आणि ते किंचाळत उठले. दुसरी तापायला वीस मिनिटं लागणार होती. नागपूर सात तास दूर होतं. सुलभाला रडू फुटलं.

शेजारच्या बाईंनी हात पुढे केला. "उरलेल्या पट्ट्या इकडे दे. एक मी पोटाशी धरते, मागेही देते एकेक."