पाहुण्यांनी वाढवलेला वेग

"मशिनं आम्ही पळणारी दिली होती, बाई. तुम्ही त्यांचे पाय बांधून ठेवलेत," साहेब म्हणाले आणि यशोधराबाई ओशाळं हसल्या. त्या हसण्याची त्यांची त्यांनाच शिसारी आली.

साहेब संगणक देणाऱ्या कंपनीतले. फोटोवाल्याला घेऊन आंदर मावळातल्या या शाळेत आले होते. वीज कालपासून गेलेली. आभाळ भरलेलं, त्यामुळे सौर बॅटरीही जेमतेम अर्धी. दुपारी निवासी शाळेची निवड परीक्षा, तीही संगणकावरच. वर्षातून एकदाच मिळणारी संधी. म्हणून बाईंनी सकाळपासून सगळे संगणक बंद ठेवले होते. साहेबांनी आल्या आल्या ते चालू करायला लावले.

प्रोसेसरचा वेग उतरवला, की त्याला विजेचा दाबही कमी पुरतो आणि बॅटरी कितीतरी जास्त टिकते, हे बाईंनी मुलांना नीट समजावलं होतं. पडद्यावरची एक पट्टी डावीकडे सरकवली की झालं. मुलं त्याला 'दमानं' म्हणत. लिहायला, वाचायला, गणितं सोडवायला दमानं भरपूर होतं.

बाईंनी साहेबांनाही हे सांगून पाहिलं. त्यांनी पुरतं ऐकलंसुद्धा नाही. फोटो काढताना मशिन रखडलेलं दिसायला नको, म्हणाले. मुलांच्या खांद्यांवरून हात घालून त्यांनी पहिल्या मशिनची पट्टी उजव्या टोकाला नेली, मग खिशातल्या बाटलीतलं सॅनिटायझर बोटांना चोळलं. दुसरं मशिन, पुन्हा सॅनिटायझर. मशिनांमधले पंखे घोंघावू लागले. तो गोडसर वास बाईंच्या नाकात भरला. मुलांची बोटं लागलेल्या कळांची याला घाण वाटते, आणि याच मुलांना जवळ घेऊन हा फोटो काढणार. आणि आपण 'हो सर, हो सर' करत याच्या मागे फिरतोय.

शेवटचं मशिन झालं. साहेब पहिल्याकडे परतले, फोटोवाल्याला जवळ बोलावलं, एक धडा उघडून भराभर पानं पुढे सरकवली.

"बघा, पडला की नाही फरक? आवाजसुद्धा बंद झाला."

खोलीत खरंच सामसूम होती. बॅटरी संपत आली म्हणून पंखे थांबले, असं बाईंना वाटलं. तरी त्यांनी मान डोलावली.

साहेबांची गाडी उतरणीला लागली तशा बाई धावतच बॅटरीच्या काट्यापाशी गेल्या. काटा जेमतेम हलला होता. त्यांनी वळून मुलांकडे पाहिलं. ठाकरवाडीची निर्मला गुपित सांगावं तसं, हळूच म्हणाली,

"सायेब फुडं सरकलं, की मागलं मशिन आमी लगीच दमानं करीत व्हतो. फोटोच्या येळी त्यांनी पळवून दावलं ना बाई, त्ये बी दमानंच व्हतं."