नळीवरचा नाडा

ऐक ना बे, मधात बोलू नको. पहिले पुरं ऐक.

दोन हजार सहाचा मे. एमआयडीसीतलं बंडूजीचं टिनाचं शेड. बंडूजीनं ताकद मोजाची मशीन आणली होती. गाडी रोलरवर चढवाची, पट्ट्यानं बांधाची अन् जागेवरच पळवाची. चाकात किती दम आहे, ते पडद्यावर येते. रोलरवर भूपेंद्रची गाडी. जपानी, टर्बोवाली, नव्वद सालची, मुंबईहून टोचन करून आणलेली. तिले जितं केलं प्रफुल्लनं. दोन वर्षं, दर रविवारी, भूपेंद्रच्या जिनिंगच्या आवारात. दोघं शाळेपासून एका बाकावरचे. अन् मी होतो कूलरजवळ. गाडीच्या जाळीसमोर घरचा कूलर लावला होता, इंजिन तापू नये म्हणून.

भूपेंद्रच्या बाबूजींचं, ताराचंदजींचं, बोलणं पक्कं होतं. आकडा दोनशे हॉर्सपॉवरच्या वर गेला त स्टेशनजवळचं शेड देतो, दोघांचं गॅरेज टाका. पाटीवर दोघांचं नाव. प्रफुल्लनं त नोकरीच्या दोन मुलाखती सोडल्या होत्या ह्याच्यापायी.

भूपेंद्रनं गाडी रेटली. टर्बो इंजिनात हवा कोंबते, त्या प्रेशरचा काटा पॉइंट आठवर थांबाले पायजे होता, प्रफुल्लनंच स्क्रू फिरवून तेवढा बसवला होता. काटा थांबलाच नाई. एकच्या पार गेला, सव्वाच्या पार गेला. इंजिनातून आवाज असा, जसे टिनाच्या डब्यात खडे हालवून राह्यले.

"सोड, सोड," प्रफुल्ल ओरडला. भूपेंद्रनं पाय काढला. पडद्यावर दोनशे एकतीस.

साऱ्या शेडात टाळ्या. ताराचंदजी म्हणे, "झालं न. पास."

चूप राह्यला असता त गॅरेज त्याचं होतं, समजून राह्यला का तू? अन् हा पठ्ठ्या काय म्हणे, "बाबूजी, हा आकडा खोटा आहे."

बोनेट उघडलं. टर्बो लाल, लोहाराच्या भट्टीतल्यावानी. त्याच्यातून एक बारीक रबरी नळी निघते. प्रेशर हद्दीबाहेर चाललं की ते नळी एका झडपेले उघडवते, अन् जास्तीचं बाजूनं सुटून जाते. त्या नळीवर पूजेचा लाल नाडा. गच्च येढे, वरतून गाठ. नळी पुरी चिपलेली. झडपेले खबरच नाई, म्हणून आकडा फुगला.

सकाळी केळझरले गणपतीजवळ गाडीची पूजा झाली होती. लोकं आरशाले बांधते. भूपेंद्रच्या काकूनं, सुलोचनाबाईनं, इंजिनाले बांधला. हाताले गवसली त्या नळीले. येताना बाबूजींची अँबेसिडर समोर होती, म्हणून भूपेंद्र हळू आला अन् काही समजलं नाई.

"अजून एकदा रेटली असती त पिस्टन फुटले असते," प्रफुल्ल म्हणे. गाठ सुटेना.

भूपेंद्रनं बोनेटात मुंडकं घातलं अन् हळूच म्हणे, "काप न बे लवकर. काकू इकडं पाहून राह्यली." मी ऐकलं, माह्या ह्या कानानं.

प्रफुल्लनं ब्लेड मारली.

"कोणं कापला रे नाडा?" सुलोचनाबाई तवरीक बाजूले येऊन उभीच.

भूपेंद्रनं दोन्ही हात खिशात घातले. "यानं," म्हणे.

"तू सांगितलं का?"

"मी कायले सांगू?"

प्रफुल्लनं त्याच्याकडं पाह्यलं.

बाई चिडली असती त बरं झालं असतं. गोड बोलली लय. "वाईट नको मानजो बेटा. तुमच्यात हे चालत नाई, आमच्यात चालते. देवाच्या वस्तूले तुम्ही लोकायनं हात लावाच्या आधी विचाराचं असते." अन् पूजेच्या पिशवीतून गोमूत्राची बाटली काढली. जिथं हात लागला तिथं शिंपडतो म्हणे. अबे, साऱ्या इंजिनाले हात लागला होता त्याचा, कुठं कुठं शिंपडते?

प्रफुल्ल म्हणे, "काकू, टर्बोवर नका टाकू, तापलेला आहे." त बाईले वाटलं, हा अडवून राह्यला. अजून पुढं वाकली. बूच निघालं अन् अर्धी बाटली टर्बोवर.

फस्स झालं. अन् मंग, टक्. लहानसाच आवाज. टर्बोच्या ओतीव लोखंडाले या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर.

वास काय सांगू तुले. जळालेल्या मुताचा वास. अन् माह्या कूलरनं तो पुऱ्या शेडात फेकला. ताराचंदजीनं नाकाले रुमाल लावला, म्हणे, "शास्त्र आहे, चालते तेवढं."

बाईनं मंग सगळ्यायले पेढे वाटले. मले हातावर ठेवला, बंडूजीले हातावर ठेवला. प्रफुल्लले वीतभर वरून टाकला.

बाई अन् बाबूजी अँबेसिडरकडं गेले, तवा भूपेंद्रचे हात खिशातून निघाले. चिरीवरून बोट फिरवलं, चटका बसला, बोट तोंडात घातलं, अन् प्रफुल्लच्या खांद्यावर दुसरा हात ठेवून म्हणे, "वेल्डिंग होईन न बे याची? पाटीचं टेन्शन नको घेऊ. बाबूजीले मी सांगतो."

प्रफुल्लच्या एका मुठीत कापलेला नाडा होता, दुसऱ्या हातावर पेढा.

आता बोल. तू असता तिथं, त काय केलं असतं?