एक्केचाळीस मिनिटं

पाण्याखाली सात मिनिटं श्वास रोखणारा तो विक्रमवीर नव्या तरणतलावाच्या उद्घाटनाला येणार, हे कळल्यावर मी रजाच टाकली. कार्यक्रमानंतर सह्यांसाठी ही भली मोठी रांग लागली. पुढच्या माणसाचे सेल्फी काही संपेनात, तेव्हा त्याला कोपराने बाजूला सारून मी लेकीचं स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं. “याच्या पाठीवर सही हवी. माझी लेक तुमची भक्त. तुमचं पुस्तक तिला तोंडपाठ.” तो खुलला. “सगळ्यात काय आवडलं तिला?” “सरावाचं पान. ‘सराव एकट्यानेच करा, शेजारी कुणी असलं की मन लवकर हार मानतं.’ तेव्हापासून बाथरूमला आतून कडी लावून ती टबात बुडी मारायची. मी दार वाजवलं तरी चिडायची.” “शाब्बास! जिद्दी आहे पोरगी.” त्याने मार्करचं टोपण काढलं, स्टॉपवॉच उचललं आणि आकडे बघून हसला. “एक्केचाळीस मिनिटं? ताई, हे बिघडलंय.” “घड्याळ अगदी ठीक आहे. शेजाऱ्यांनी दार फोडलं, तिला बाहेर काढलं, मग मीच ते तिच्या मुठीतून सोडवून बंद केलं.” त्याचं हसू ओठांवरच राहिलं. मागून कुणीतरी खेकसलं, “अहो बाई, आटपा की! आम्हीही उभे आहोत.” त्याने घड्याळ हळूच माझ्याकडे सरकवलं. मी ते परत त्याच्यापुढे ठेवलं. “सही करा ना,” मी म्हटलं, “आणि खाली ते सरावाचं वाक्यही लिहा. तिला ते तुमच्या अक्षरात हवं होतं.”